जखमीला ओढून आणणारं जाळं

बोईसरला जाड कापड विणणाऱ्या एका कारखान्यात मी तपासनीस होतो. त्याच कापडाचे थर एकावर एक शिवून, स्फोटातले तुकडे अडवणारं जाकीट सैनिकांसाठी करायचं, या कल्पनेमागे मी दोन वर्षं घालवली. नमुना शिवला, आकृत्या काढल्या, प्रस्ताव दिल्लीला पाठवला. उत्तर आलं ते चार ओळींचं. जाकीट फार जड आहे, विचार होऊ शकत नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी आमच्याच खात्यातला, माग चालवणारा एक कामगार माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. दातिवऱ्याच्या मच्छीमार घरातला, दहावी शिकलेला. त्याचा मेहुणा फौजेत होता. जखमी साथीदाराला उचलायला दोघांना उभं राहावं लागतं आणि तेही गोळीला सापडतात, असं मेहुण्यानं सुट्टीत सांगितलं होतं. म्हणून यानं माणसाएवढं जाळं विणलं होतं. खाली आमचंच जाड कापड, डोक्याशी ओढायची दोरी. एकट्यानं सरपटत जखमीला मागे आणायचं.

"साहेब, तुमी लिवून द्या," तो म्हणाला. "आमाला तसलं लिवायला नाय जमत."

मी आधी त्यात खोट शोधली. वजन पेलणार नाही म्हणालो. त्यावर त्यानं रविवारी मला दातिवऱ्याला नेलं आणि किनाऱ्यावर जाळ्यात झोपवलं. त्याची बायको पालथी पडली, दोरी खांद्यात अडकवली आणि कोपरांवर सरकत मला ओढू लागली. मी ऐंशी किलोचा माणूस. सुरूच्या झाडांपर्यंत गेलो, पाठीला एक खडा टोचला नाही. ती हसत होती, तो कौतुकानं बघत होता आणि मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. इतकी साधी गोष्ट मला का सुचली नाही?

प्रस्ताव मी त्याच्या नावानं लिहिला, चांगला लिहिला. मग पाकीट आठ दिवस खणात ठेवलं. त्यानं विचारलं तेव्हा पाठवलं म्हणून सांगितलं. रोज कुलूप उघडायचो, पाकीट बघायचो, पुन्हा लावायचो. नवव्या दिवशी मात्र तो पाणी प्यायला आला आणि काहीच न विचारता गेला. त्याचा माझ्यावर पूर्ण विश्वास होता. मी जेवणाच्या सुट्टीत पोस्टात जाऊन आलो.

उत्तर इंग्रजीत होतं, त्यामुळे ते वाचून दाखवायचंही माझ्याच वाट्याला आलं. चाचणीसाठी दोन नमुने मागवले होते.

"तुमचं बी नाव घालायला पायजे होतं," तो म्हणाला.

मी नको म्हणालो. नमुन्यांसाठी कापड मीच निवडलं, एक धागा सैल नसलेलं. ते कापून देताना हात नीट चालले, पण मनात जळफळाट तसाच होता. खणातल्या पाकिटाबद्दल मी त्याला आजवर सांगितलेलं नाही.