गायरानाचं ढेकूळ

विठ्ठलदादा गेल्याचं मला केजच्या बाजारात एका परक्या माणसानं सांगितलं. चुलतभाऊ असून मला घरचा निरोप आला नव्हता... का आला नाही, हे विचारावं लागलं नाही. आता महिना लोटला, म्हणून लिहितो.

निजामाच्या अमदानीत गावचं पटवारीपण आमच्या घराण्यात होतं. गायरान, तळं, सगळ्या सरकारी जमिनीची नोंद सांभाळायची जोखीम दादाकडे. लाल रुमालात बांधलेलं दप्तर तो देवाशेजारच्या कोनाड्यात ठेवायचा. गावच्या देशमुखांनी गायरानात नांगर घातला, तेव्हा त्यानंच तहसिलीत कळवलं. तहसीलदार चौकशीला आले. देशमुख म्हणाले, पटवाऱ्याचा कागद पटवाऱ्यानंच लिहिलेला, जुन्या रीतीनं शीव चालून दाखवा. म्हणजे त्याच जमिनीतलं ढेकूळ डोक्यावर घेऊन हद्दीवरून चालायचं. डोक्यावर काळी आई असताना माणूस खोटं चालत नाही, असं गाव मानायचं.

दादानं कागद गुंडाळला आणि माझ्याकडं बोट केलं. "ह्यो चालंल. माझ्यासंगं तिथंच गुरं राखलीत ह्यानं."

देशमुखांनी मला आधीच बोलावून सांगितलं होतं, विठ्ठल हटला तर दप्तर तुझं. हे दादाला ठाऊक नव्हतं. त्यानं स्वतःच्या हातानं ढेकूळ माझ्या डोक्यावर ठेवलं. निंबापर्यंत मी सरळ गेलो. खरी हद्द तिथून ओढ्याकडं उतरायची, तर मी गायरानात आत वळलो. गाव मुकाट्यानं मागून येत राहिलं. एक म्हातारा तेवढा पुटपुटला, "त्याचा भाऊच चालतोय, तर आपुन कावून बोलावं?"

निम्मं गायरान गेलं. खोट्या नोंदीचा ठपका ठेवून दप्तर दादाकडून काढलं आणि मला दिलं. रुमाल त्यानंच बांधून दिला, गाठ नेहमीसारखी पक्की.

पुढं तो पाऊसपाणी विचारायचा, एवढंच. म्हातारपणी एकदा धीर करून मी म्हणालो, दादा, त्या दिवशी मी...

"कागद माझ्या हातात व्हता बे," तो म्हणाला. "मीच गुंडाळला."

परवा दादाच्या घरी वहिनींना भेटायला गेलो. दप्तराच्या कोनाड्यात ते ढेकूळ होतं, चालणं संपल्यावर मी देशमुखांच्या बांधावर टाकून दिलेलं. त्यानं कधी उचललं, कळलंच नाही. भोवतीचा कोनाडा नुकताच सारवलेला होता. हे मी नेऊ का, असं वहिनींना विचारलं.

"राहू द्या भावजी," त्या म्हणाल्या. "ते सांभाळायचं काम त्यांनी मला दिलंय."