दौंड स्टेशनातली करंजी

माझी उजवी मूठ नाईक दस्तगीरच्या जांघेत रुतलेली होती. ती सुटली असती तर तो दोन-तीन मिनिटांत मेला असता. सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं. जखमींची गाडी दौंड स्टेशनात उभी होती. साल पासष्ट, दिवस नाताळाचा.

त्याचा उजवा पाय लढाईत गेला होता. गाडीला धक्का बसला आणि उरलेल्या मांडीतली शीर फुटली. पाय इतका वरून कापलेला की रक्त रोखायचा आवळपट्टा, टूर्निके, बांधायला जागा नव्हती. ड्यूटीवरच्या सिस्टर लेफ्टनंट होत्या. त्यांनी एकदाच बघितलं.

"राहेल, प्रेशर सोडायचं नाही. मी मेजरसाहेबांना आणते."

"येस, सिस्टर."

गाडीवरचे डॉक्टर मेजरसाहेब पुढच्या डब्यात दुसऱ्या पेशंटपाशी होते. आतून वाट नव्हती. सिस्टर प्लॅटफॉर्मवर उतरून पळाल्या.

मी शिपाई नव्हते. शिरूरची, चौथी पास. मिलिटरी हॉस्पिटलात नऊ वर्षं वॉर्ड आया होते. लढाई थांबून तीन महिने झाले होते, तरी जखमींना पुण्याला आणणं चालूच होतं. मनमाडकडून आलेल्या गाडीला पुण्याकडे जाताना दौंडला इंजिन दुसऱ्या टोकाला लावतात, म्हणून तिथं थांबा मोठा. गाडी कधी, कुठून जाणार हे घरी कळवायचं नाही, असा हुकूम होता. मी कार्ड टाकलं होतं. चूक माझी. पुढं विचारणा झाली तेव्हा कबूल केलं. दोन महिने रजा बंद झाली.

कार्ड टाकण्याचं कारण करंजी. आमच्या घरी नाताळाच्या सकाळी उपासनेला निघण्याआधी माझे वडील, आबा, पहिली करंजी मोडायचे आणि घरातल्या प्रत्येकाला एक तुकडा द्यायचे. मी लहान होते तेव्हा सहा तुकडे व्हायचे, आणि सहाही जणं चुलीपुढं हजर असायची. मग थोरला भाऊ मुंबईला गिरणीत गेला, मी हॉस्पिटलात. आमचे तुकडे डब्यात राहू लागले. मला रजा फेब्रुवारीत मिळायची. तोवर तुकड्याला खवट वास यायचा. आई म्हणायची, "खा मुकाट. तुझा वाटा हाय." मी खायची.

त्या वर्षी आबा आदल्या दिवशीच एस.टी.नं दौंडला येऊन बसले होते. शिरूरच्या ख्रिस्ती देवळाची घंटा तेच वाजवायचे. त्या नाताळाला ती दुसऱ्या कुणीतरी वाजवली.

ते खिडकीशी आले. हातात पत्र्याचा डबा.

"राहेल, हे घे. हात कर बाहेर."

"आबा, हात काढला तर माणूस मरंल."

आबांनी वाकून आत बघितलं. चादर लाल झाली होती. दस्तगीर शुद्धीवर होता.

"कुठला रं तू?"

"यवतचा. आबा, तुमच्या लेकीचा हात लई जड हाय."

"तिनं बैल आवरल्यात. तुझं काय घेऊन बसला."

"बाई, यवत आलं का?"

"न्हाई. गप पड."

"मंग दाबून धरा. यवतच्या आधी न्हाई मरायचं. गावात हसतील."

माझ्या हाताला मुंग्या आल्या होत्या. मी डावी मूठ उजवीवर ठेवली आणि अंगाचा भार टाकला.

खिडकीला लागून शिपाई हरपाल होता. वीस-बावीस वर्षांचा, पाय प्लास्टरमध्ये. तो डब्याकडे बघत होता.

"बाबाजी, ये क्या है?"

आबांना हिंदी बेताचीच. "आज हमारा बडा दिन है," ते म्हणाले. मग माझ्याकडं बघितलं. डबा उघडून त्यांनी पहिली करंजी मोडली होती; हातात माझा तुकडा होता.

"द्या त्याला," मी म्हटलं.

हरपालनं तो खाल्ला, बोटं चाटली. "माँ के हाथ का है," म्हणाला. आबांनी त्याला आणखी एक अख्खी करंजी दिली.

आठ सदतीसला मेजरसाहेब चढले. चिमटा लावला, शीर बांधली. "आता सोड," म्हणाले. माझी बोटं उघडेनात. सिस्टरनी एकेक सोडवली. तेवढ्यात गाडी हलली. आबा डबा धरून प्लॅटफॉर्मवर उभे होते. हात करायचं मला सुचलं नाही.

दस्तगीरला मॉर्फियाचं इंजेक्शन दिलं होतं. यवत गेलं तेव्हा तो घोरत होता.

यवत सोडल्यावर हरपाल अचानक उठून बसला, छातीत कळ आली म्हणाला आणि आडवा झाला. मेजरसाहेबांनी पुष्कळ केलं. पायातली रक्ताची गुठळी वर गेली, असं त्यांनी सांगितलं. मी त्याचं तोंड पुसलं. हनुवटीला करंजीचं खोबरं लागलेलं होतं.

मी हे घरी सांगितलं. पुढच्या नाताळापासून गैरहजर माणसाचा तुकडा डब्यात ठेवणं आबांनी बंद केलं. त्या सकाळी दारात जो असेल त्याला तो द्यायचा. दूधवाला, पोस्टमन, कुणीही. आबा गेले, आईही गेली. आता करंजी मी मोडते, आणि घरची सगळी हजर असली तरी एक तुकडा जास्त करते.

त्या डब्यात अठ्ठावीस पेशंट होते. सत्तावीस पुण्यात जिवंत उतरले. दस्तगीर त्यांत होता. हरपाल नव्हता.