वारा पडला तेव्हा

सालवडच्या बैठ्या चाळीत शांताराम सावे याला सगळे होडीवाला म्हणत. तसा तो तारापूरच्या एका रंगाच्या कारखान्यात फिटर. सावे घराणं केळवे भागातलं, पानवेली आणि केळी लावणारं. त्याच्या घरात समुद्र म्हणजे वाडीच्या पलीकडून येणारा आवाज, एवढंच. पण तरुणपणी कारखान्यातल्या एका साहेबाने डोलकाठी उभी करायला मदत हवी म्हणून त्याला दातिवऱ्याला नेलं आणि काम झाल्यावर होडीत बसवलं. शिडात वारा भरला, होडी एका अंगावर कलली, आणि शांताराम त्या दिवसापासून घरचा राहिला नाही, असं त्याची बायको सुलू अजून म्हणते.

साहेब बदली होऊन गेले. दातिवऱ्याच्या खाडीकाठी त्यांनी काढलेलं नौका मंडळ मात्र राहिलं. पत्र्याची शेड, दुसऱ्या क्लबांनी टाकून दिलेल्या जुन्या फायबरच्या होड्या, आणि रविवारी जमणारी पाच-सात डोकी. शांताराम मोटारसायकलवरून जायचा. तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, चिरेत भराव घालायचा, पॉलिश पेपर मारायचा, शिडाची उसवलेली शिवण घालायची. सोबतीला जिवल्या. जिवल्या मनोरकडच्या पाड्यावरचा, घरी डोंगरउतारावर भाताचा तुकडा. भात झोडून झालं की कारखान्यात कंत्राटावर यायचा. पोहता न येणारा हा माणूस शांतारामच्या होडीत वर्षानुवर्षं शिडाचा दोर धरून बसत आला होता. "दादा हाय ना," एवढंच म्हणायचा.

वैष्णवी, शांतारामची मुलगी, शेडमध्येच वाढली म्हणा ना. कॉलेजात गेल्यावर तिने उमरोळीच्या दीपिकाला मैत्रीण केलं आणि तिलाही होडीत ओढलं. गेल्या फेब्रुवारीच्या शर्यतीत दोघी पहिल्यांदा स्वतःची होडी घेऊन उतरल्या. ती होडी शांतारामने महिनाभर घासली होती. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा त्याने कापडाने पुसून, बोट फिरवून पाहिल्या होत्या.

"बाबा, किती वेळा बघाल?" वैष्णवी म्हणाली होती.

"बघू दे गं. माझं काय जातं?"

सकाळी जमिनीवरचा वारा चांगला होता. ओहोटी लागली होती, तरी शर्यत तासाभरात आटपेल असा सगळ्यांचा अंदाज. मुली पुढे होत्या, शांताराम आणि जिवल्या आपल्या होडीत मागे. बाहेरच्या बोयाला वळसा घालताना त्यांचं शीड फाडकन दुसऱ्या बाजूला गेलं आणि काहीतरी तुटल्याचा आवाज शांतारामला मागे स्पष्ट ऐकू आला. एका बाजूची तार सुटली होती. जिथे ती पट्टीत दाबून बसवलेली असते त्या आतल्या बाजूला, जिथे कापड पोचत नाही आणि बोटही. डोलकाठी वाकली, आडवी झाली, होडी उलटली.

"जिवल्या, दोर घट्ट!" शांताराम ओरडला. त्याने सुकाणू वळवलं. आणि नेमका वारा पडला.

दुपारचा समुद्रावरचा वारा सुटण्याआधी असा एक मोकळा वेळ येतोच. एरवी त्या वेळात शांताराम डबा उघडायचा. आज शीड ओल्या फडक्यासारखं लोंबायला लागलं. समोर, हाकेच्या थोडं पलीकडे, पालथ्या होडीचा पांढरा तळ आणि त्याला धरून दोन नारिंगी जॅकेटं दिसत होती. ओहोटी त्यांना वैतरणेच्या तोंडाकडे नेत होती, जिथे वाळूच्या पट्ट्यावर लाटा फुटतात.

मंडळाची इंजिनाची बोट निघाली होती, पण तिच्या पंख्यात वाहून आलेलं जाळं गुंतलं आणि ती जागच्या जागी गोल फिरत राहिली.

दोघांनी वल्ही काढली. शांताराम काठाकाठाने, उथळ पाण्यावरून आडवा काढून गाठू पाहत होता. पाणी उतरत होतं हे त्याला कळत होतं, पण दुसरी वाट लांबची होती. थोड्याच वेळात होडीच्या पोटाखाली खसखस झाली. होडी गाळमिश्रित वाळूवर बसली.

त्याने वल्ह्याने रेटलं. जिवल्याने रेटलं. मग जिवल्या खाली उतरला आणि मांडीपर्यंत चिखलात गेला. दुसरा पाय टाकला तसा कमरेपर्यंत. शांतारामने त्याला काखेत हात घालून वर ओढलं तेव्हा दोघंही धापा टाकत होते. तरंगायला पाणी नाही, चालायला जमीन नाही. आणि जॅकेटं लहान होत चालली होती.

"वैष्णवी!" त्याने हाक मारली. घसा बसेपर्यंत मारली. एक जॅकेट पाण्यात खाली गेल्यासारखं वाटलं, मग पुन्हा वर आलं. तिकडे काय चाललंय ते त्याला कळेना.

"दादा, खाली बस," जिवल्या म्हणाला. शांताराम बसला. उभा राहिला. पुन्हा बसला. करण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून त्याने होडीतलं पाणी डब्याने उपसायला घेतलं. होडीत पाणी फारसं नव्हतंच.

मासेमारी करून परतणाऱ्या प्रदीप तांडेलाने अखेर मुलींना पाहिलं. त्याची बोट वळली, वाळूच्या पट्ट्याच्या अगदी कडेला थांबली, आणि माणसं वाकून काहीतरी वर ओढताना दिसली. एक ओढलं. बऱ्याच वेळाने दुसरं. ती बोट बंदराकडे निघून गेली. मुली जिवंत आहेत की नाहीत हे शांतारामला तिथून कळण्याचा काही उपाय नव्हता. फोन शेडमध्ये होता.

आणि मग पश्चिमेचा वारा सुटला. शीड भरलं, होडी वाळूवर थरथरली आणि तशीच बसून राहिली. भरती चढून होडी सुटेपर्यंत उन्हं कलली. बापच सगळ्यात शेवटी किनाऱ्याला लागला.

शेडपाशी कुणीतरी सांगितलं, दोघी शुद्धीत आहेत, पालघरला दवाखान्यात नेलंय. दीपिकाचा हात डोलकाठीखाली सापडून मोडला होता. वैष्णवीने तिला जॅकेटच्या पट्ट्याने होडीला बांधून धरून ठेवलं होतं. शांताराम चिखलाच्याच कपड्यांनी दवाखान्यात पोचला. सुलू बाकावर बसली होती.

"तुमी कुठं होता?" तिने विचारलं.

"समोरच होतो," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि बाकावर थोडी सरकली. तो बसला नाही.

मंडळाने पुढे ओहोटीत शर्यत घ्यायची नाही असं ठरवलं. सगळ्या होड्यांच्या तारा बदलल्या. "आतून गंजलेली तार कुणाला दिसणार, सावे?" असं सगळे म्हणाले. त्याला ते पटतही होतं, आणि त्याचा काही उपयोगही नव्हता. दीपिका परत आली नाही. तिची आई दीपा एकदा बोईसरच्या बाजारात भेटली, हसली, आणि भाजी न घेताच पुढे गेली.

वैष्णवी मात्र पावसाळा सरल्यावर म्हणाली, "बाबा, होडी कधी उतरवायची?"

शांतारामने सुलूकडे पाहिलं. सुलू भाकरी थापत राहिली. नको म्हणायला त्याने तोंड उघडलं. पण कुठल्या तोंडाने म्हणणार? "रविवारी बघू," तो म्हणाला.

रविवारी वैष्णवी प्रियंका नावाच्या नव्या मुलीला घेऊन खाडीत गेली. शांताराम आणि जिवल्या इंजिनाच्या बोटीत बसले, इंजिन चालू ठेवून. धुराने डोळे झोंबत होते. मुलींची होडी वाऱ्यावर कलली, पार कडेला पाणी लागलं, आणि वैष्णवी मोठ्याने हसली.

"जायचं का जवळ?" जिवल्याने विचारलं.

"नको," शांताराम म्हणाला. त्याच्या दोन्ही मुठी बोटीच्या काठावर आवळलेल्या होत्या, आणि त्या सोडवायला त्याला जमत नव्हतं.