बुजवलेल्या दाराकडचा पुकारा

कोर्टातल्या पुकारेवाल्याचा आवाज असा खणखणीत, की त्याने नाव पुकारलं की बाहेरच्या चहावाल्याचाही हात थांबायचा. पक्षकाराचं गाव ज्या बाजूला, त्या बाजूच्या दाराकडे तोंड करून तो हाक मारायचा. उभा जन्म त्याचा त्यातच गेला.

मग मुलखाची वाटणी झाली. नवी हद्द नेमकी कोर्टाच्या मागच्या भिंतीवरून गेली आणि पूर्वेचं दार विटांनी बुजवलं गेलं. पलीकडच्या गावांची पडून राहिलेली अपिलं तिकडच्या कोर्टाला द्यायची. पुकारल्यावर अपील करणारा हजर झाला, तरच ती इथे चालवायची. हे कुठल्या शहाण्याने ठरवलं, देव जाणे!

एका दुपारी विहिरीच्या भांडणातल्या म्हातारीचं अपील निघालं. ती वर्षानुवर्षं पूर्वेच्या दारापाशी बसायची. सवयीने पुकारेवाल्याचं तोंड तिकडेच वळलं. विटांना हाका मारतोय म्हणून लोक फिदीफिदी हसले.

तिसऱ्या हाकेला विटांमागून आवाज आला, "आले रे बाबा! दार का लावलंस?"

हसू जागच्या जागी विरलं. म्हातारीचा वकील खुर्चीवरून उठला. "अहो, मी स्वतः गेलो होतो तिच्या मातीला," तो पुटपुटला.

पुकारेवाल्याने न्यायाधीशांकडे पाहिलं. "साहेब, पक्षकार हजर आहे."

साहेबांचं पेन थांबलं होतं. आवाज त्यांनीही ऐकला होता.

"गैरहजर लिहा," भिंतीकडे न बघता ते म्हणाले. "तो आवाज आपल्या हद्दीतला नाही."