सुखी आहेस का, असं मीच विचारलं

दिगंबर गेला असा फोन आला तेव्हा मी त्या माणसावर चक्क ओरडलो. "काहीही काय बोलून राह्यलात? काल संध्याकाळी मस्तगडच्या हॉटेलात चहा घेतलाय मी त्याच्यासोबत!" पलीकडच्या बिचाऱ्यानं फोनच ठेवून दिला. महिना उलटला, तरी माझं डोकं अजून त्या चहापाशीच अडकलंय...

आम्ही दोघं जालन्याच्या एकाच कॉलेजात. तो अर्थशास्त्र शिकवायचा, मी संख्याशास्त्र. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्याला पीएचडीचं वेड लागलं. देश पुढं जातो तो हुशार डोक्यांमुळं की समाधानी मनांमुळं, हा त्याचा प्रश्न. "अरे, हुशार माणूस सदा कुढत बसला तर तो काय डोंबल कारखाना काढणार?" असं म्हणून टेबलावर हात आपटायचा. मंग आम्ही बदनापूर, केदारखेडा अशी गावं पालथी घातली. बुद्धीची कोडी लोकांनी हसत हसत सोडवली. पण "तुम्ही सुखी आहात का?" म्हटलं की चेहरे पडायचे. "कशाचं सुख, सर!" विहिरीला पाणी, दारात म्हशी, घरात नातवाचं बारसं, तरी तेच. शेवटी केदारखेड्यात एका म्हातारीनं त्याला झापलं, "असं तोंडानं म्हनू न्हाई, बापा. दृष्ट लागती." दिगंबर पोट धरून हसला. "घ्या! आख्खा देश सुख लपवून राह्यलाय, मी मोजू कसं?" प्रबंध तिथंच बारगळला.

पुढं पुण्याच्या एका मोठ्या संस्थेतून नोकरी चालून आली. त्यानं नाकारली, कारण त्याच्या बायकोची, शकूवहिनींची, शाळेतली नोकरी इथं आणि त्यांचे आजारी वडीलही इथंच. "एवढं डोकं जालन्यात सडवलंस," असं मी त्याला कित्येकदा सुनावलं. वहिनी ते ऐकून चहा ठेवायला आत निघून जायच्या.

त्या शेवटच्या चहाच्या संध्याकाळी मी सहज विचारलं, "दिगू, खरं सांग, सुखी आहेस का तू?" हॉटेलातले लोक वळून बघतील एवढ्या मोठ्यानं तो म्हणाला, "बिलकुल! माझ्याएवढा सुखी माणूस जालन्यात दुसरा न्हाई." पहाटे झोपेतच तो गेला.

एकामागून दुसरं घडलं म्हणून पहिल्यामुळं दुसरं घडलं असं होत नाही, हे पोरांच्या डोक्यात घालता घालता माझा घसा बसला. आणि आता माझंच काळीज म्हणतंय, तू कशाला विचारलंस, मेल्या? लाज वाटते, पण म्हणतंय.

परवा न राहवून वहिनींकडं गेलो. त्या तोडून बोलतील या तयारीनं सगळं सांगून टाकलं. त्या बघतच राहिल्या. "असं म्हणाले? माझ्यामुळं अडकले म्हणून आतल्या आत झुरत असतील, असंच वाटायचं मला... विचारायची हिंमतच झाली न्हाई कधी." मंग पदरानं डोळे पुसून त्या त्याच्या आरामखुर्चीत बसल्या. "भाऊजी, पुन्हा सांगा. ते म्हणाले तसंच, मोठ्यानं."

मी शेजाऱ्यांच्या उघड्या खिडकीकडं पाहिलं.

"ऐकू दे लोकांना," त्या म्हणाल्या.