लवू धुरीची पिवळी गोळी

लवू धुरी लालबागला आमच्याच चाळीत राहायचा. गिरणीच्या कार्डिंग खात्यात, कापूस पिंजणाऱ्या यंत्रांपाशी त्याची वीस वर्षं गेली. सकाळी उठला की पंधरा-वीस शिंका, आणि त्यांचा सगळा दोष कापसाच्या तुसावर. १९८२च्या जानेवारीत संप सुरू झाला तेव्हा तो बायकोला म्हणाला, "जाई, आता शिंकापण संपावर!"

फेब्रुवारीत शिंका दुप्पट झाल्या. गिरणी बंद, कापूस नाही, आणि लवू खिडकीत नाक चोळत उभा. समोरचं झाड फुलांनी लगडलं होतं, पण त्याचा संशय कुणालाच आला नाही.

शेजारच्या रमाकांतने त्याला सर्दीची पिवळी गोळी दिली. नाक जरा थांबलं. मग एकीने बरं वाटतं तर दोनांनी जास्त वाटेल, असं लवूने स्वतःच ठरवलं. महिन्याभरात तो दिवसाला दहावर गेला. शिंका पहिल्या गोळीने जेवढ्या कमी झाल्या, तेवढ्याच राहिल्या. वाढली ती झोप.

जाईबाई म्हणायची, "गोळ्ये खावन निजतास, नि शिंको काय थांबनत नाय!"

एकदा गिरणीच्या दारात संपाच्या गेट मीटिंगला लवू पहिल्या रांगेत बसून डुलक्या घेत होता. भाषण करणाऱ्याने त्याच्याकडे बोट केलं. "बघा, ह्या कामगाराला प्रत्येक मुद्दा पटतोय!" टाळ्या पडल्या, तरी लवू जागा झाला नाही. दुसऱ्या दिवशी त्याला चाळीच्या संप कमिटीवर घेतलं.

शेवटी तोंड कोरडं पडलं, लघवी अडली, तेव्हा जाईबाईने त्याला नाक्यावरच्या चिंतामणी डॉक्टरांकडे नेलं.

"दहा? कुणी सांगितलं रे?"

"कोणी नाय. नाकानं."

"नाक डॉक्टर नाही. ही एकेक, दिवसातून तीनदा, बस. जास्त घेऊन शिंका जास्त थांबत नाहीत, तूच आडवा होतोस. आणि गिरणी बंद, तरी शिंका वाढल्या, म्हणजे हा त्रास कापसाचा नाही, फुलांच्या परागांचा आहे. मोसम सरला की गोळीही बंद."

लवूला वाईट वाटलं. "म्हणजे वीस वर्षं गिरणीला शिव्या दिल्या, त्या फुकट?"

"फुकट कशाला? शिव्या द्यायला दुसरी कारणं आहेत की."

संप विरत गेला. गिरणीने लवूला परत घेतलं नाही. दहा-बारा वर्षांनी तो परळच्या एका नव्या इमारतीत वॉचमन झाला. गेटाजवळच बाग होती. शिंका परत आल्या.

चिंतामणी डॉक्टरांनी या वेळी नवी गोळी दिली. "दिवसाला एकच. हिने बहुतेकांना झोप येत नाही, पण काहींना येते. म्हणून पहिली सुट्टीच्या दिवशी घेऊन बघ. वर दारू नको."

लवूने रविवारी घेतली आणि दिवसभर टक्क जागा राहिला. सोमवारपासून तो ड्यूटीवरही जागा. प्रत्येक गाडी थांबवून नाव विचारू लागला, वहीत लिहू लागला. आधीचा वॉचमन खुर्चीतच झोपायचा, रहिवाशांना त्याचीच सवय होती. आठवड्यात सेक्रेटरीकडे सात तक्रारी गेल्या.

"धुरी, तुम्ही फार ड्यूटी करता," सेक्रेटरी म्हणाला आणि त्याला मागच्या गेटावर टाकलं.

तिथे एक पाण्याची टाकी, एक भिंत, आणि झाड एकही नाही. शिंका थांबल्या, लवूला गोळीची गरजच उरली नाही.