कोळशाच्या डब्यावरचा ठसा

मेहरूणला अभिमन नानांच्या घरी गेलं की आधी दिसतं ते काचेचं कपाट. आत सात वाफेची इंजिनं. अस्सल पितळेची, जपान-कोरियातल्या कारागिरांनी हातानं जोडलेली. हातभर लांब, दोन बोटं रुंदीच्या रुळावर उभी. या रुळाला म्हणे ओ-गेज म्हणतात. शेजारचे विचारायचे, "काय नाना, खेळणी मांडली का?" नाना ऐकवायचे, "खेळणं तुझी फटफटी. याला इंजिन म्हणतात."

तरुणपणी नाना धुळे-चाळीसगाव गाडीवर भट्टीत कोळसा ओढणारे फायरमन होते. वाफ गेली, नोकरी पुढं सरकली, पण जीव भट्टीतच अडकला. मुलगा कुंदन बोटीवर कामाला लागला. ज्या बंदरात उतरेल तिथल्या बाजारात तो बापासाठी इंजिन हुडकायचा आणि सुट्टीला येताना मळकट बनियनमध्ये गुंडाळून आणायचा.

सातवं आणलं तेव्हा म्हणाला, "नाना, हे पिवळं ठेवायचं नाही. हे तुमचं इंजिन करू."

अंगणात बसून त्यानं ते काळंभोर रंगवलं, कॅबवर बापाच्या इंजिनाचा नंबर पांढऱ्या रंगानं काढला, आणि धीर कुठला! ओलंच उचलून आत घेऊन आला. मागच्या कोळशाच्या डब्यावर अंगठा उमटला.

"अरे, रंग वाळू तर द्यायचा!"

"असू द्या. पुढच्या सुट्टीत काढतो डाग."

पुढची सुट्टी आली नाही. गेल्या आषाढात घरी येतानाच पारोळ्याजवळ हायवेवर त्याची गाडी उलटली.

तेव्हापासून नानांचा एक नेम झाला. दुपारी बायकोचा, भिकुबाईचा डोळा लागला की कपाट हलकेच उघडायचं आणि त्या ठशावर आपला अंगठा ठेवायचा. रेघा लागायच्या बोटाला. तिला हे सांगितलं नव्हतं. तिला तर त्यांनी वर्षभर हाकही मारली नव्हती. मारायची कशी? तिला एकच हाक होती, 'कुंदननी माय'.

दर श्रावणात घरी कानबाई देवी बसायची; गेल्या श्रावणात सुतकामुळे बसली नव्हती. यंदा बसवायची ठरली. भिंतींना चुना लागला, नैवेद्याच्या रोटांचे गहू निवडून झाले. नाना धुळ्याला भावाकडे निमंत्रण देऊन परतले, तर कपाटात सहाच इंजिनं.

"काळं इंजिन कोठे शे?"

"सत्तारभाऊकडे धाडं," भिकुबाई चूल सारवता सारवता म्हणाली. "घागरी, समया, घरमधलं बठ्ठं पितळ धाडं ना. कानबाई येस."

नाना चपला न घालताच निघाले.

सत्तारभाई पॉलिशवाले दुकानात होते. घागरी, समया, हंडे लखलखत होते, आणि त्यांच्या मधोमध ते. नखशिखांत पिवळंधमक.

"या नाना!" सत्तारभाई हात पुसत उठले. "काय चीज आहे हो! सोड्याच्या गरम पाण्यात बुडवलं, तर रंग असा सालीसारखा सुटला. मग चकाकीसाठी हलक्या हातानं बफ मारला. एक खिळा हलू दिला नाही."

"मागं... डब्यावर..."

"अंगठ्याचा डाग ना? भाभींनी खास बजावलं होतं. सत्तारभाऊ, दुसरं राहिलं तरी चालेल, तो डाग राहू देऊ नका." त्यांनी नानांकडं पाहिलं, अनवाणी पायांकडं पाहिलं. "नाना? काही चुकलं का माझं?"

"नाही भाऊ. काम चोख आहे."

घरी आल्यावर भिकुबाईनं ते त्यांच्या हातातून घेतलं, चौरंगावर कानबाईच्या जागेशेजारी ठेवलं आणि लांब जाऊन पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदा तिचा चेहरा उजळला होता.

"दखा, कसं चमकस! पोऱ्या म्हने, पुढल्या सुट्टीमा डाग काढसू. राही गयं ना त्यानं तेवढं काम. मनमा टोचे हो मले. म्हनीसन मीच करी टाकं." तिनं डोळ्याला पदर लावला. "तो ऱ्हाता तर त्याले आवडतं ना?"

नाना त्या पितळेकडं पाहत होते. सांगावं? एक वाक्य, आणि ही जन्मभर स्वतःला खात बसेल. भट्टीचं दार तोंडासमोर उघडावं तसा चेहरा भाजत होता.

"बोला ना काही."

"कुंदननी माय," नाना म्हणाले. "मस्त करं तू. त्याले आवडतं."

ती हाक ऐकून भिकुबाई हमसाहमशी रडायला लागली. नानांनी पुढं होऊन, ठसा होता नेमका तिथं आपला अंगठा टेकवला. गुळगुळीत. गार. नुसतं पितळ.

अंगठा उचलला तर तिथं घामाची खूण उमटलेली.

"आवो, परत डाग!" भिकुबाई रडता रडताच पुढं वाकली, आणि पदराच्या टोकानं ती खूणही पुसून टाकली.